भोकं पाडलेला पेपर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कराडहून एसटीनं घरी येणं. बायकोच्या, इंदूच्या, चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवून घेतली. स्टँडवर ओली भेळ घेतली आणि गाडीत जागा धरली. पुढच्या बाकावर मिलिटरीतला एक पोरगा होता, सुट्टीवर आलेला. इंदूनं त्याला बसल्या बसल्या धरलं.

"कुठं हायस रं ड्यूटीला?"

"लडाखला, आजी."

"तिथं म्हणं पाणी गोठतंय. मग सकाळचं तोंड कसं धुता?"

पोरगा हसला. "बर्फ तापवायचा स्टोव्हवर."

"आन् डाळ? शिजती का एवढ्या उंचावर?"

"कुकरबिगर न्हाई शिजत."

"बघा," ती माझ्याकडं वळून म्हणाली, "उंचावर डाळ शिजत न्हाई." जशी काय उद्या आम्हाला तिथं जाऊन डाळ शिजवायची होती.

मी म्हणालो, "गप बस की आता. किती चौकशा? पोरगं दमून आलंय."

ती गप बसली. भेळेचा घास तोंडात घातला आणि कळवळली. जिभेच्या कडेला महिन्यापासून एक फोड होता, तो जाता जात नव्हता. "झोंबतंय," म्हणाली, आणि पुडी माझ्या हातात दिली. मी ती सगळी खाल्ली.

धड जीभ असलेल्या माझ्या बायकोला मी चारचौघांत शेवटचं काय बोललो, तर गप बस.

हे कशापायी लिहितोय

मी गुळव्या. म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतो तेव्हा तो कधी उतरवायचा ते सांगणारा. चाळीस वर्षं तेच केलं. शाळा दुसरीपर्यंत. अक्षर लागायचं, पण बोट ठेवून. आता पंचाहत्तरी आली.

ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांच्यासाठी लिहितोय. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील, त्यात मला कळत नाही. मी काय चुकलो ते मला नीट कळतं, तेवढं सांगतो. शब्द माझे आहेत. वेलांट्या नातीनं, स्नेहलनं, बघितल्या. मुलगा सुभाष माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही ते येईल पुढं.

इंदू चौथी शिकलेली. आमच्यात तीच शहाणी. सत्तरीला आली तशी बाकीच्या म्हाताऱ्या गुडघे धरून बसल्या, आणि हिच्या चौकशा वाढल्या. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. निविदा सूचनासुद्धा. कोणत्या गावाला पाण्याची टाकी होतेय हे तिला त्या गावच्या आधी ठाऊक. स्नेहलनं जुना मोबाईल दिला होता, त्यावर परदेशातल्या बायका भाजी कशी चिरतात ते बघायची. पाव्हणा आला की त्याचा चहा निवायचा, कारण ती त्याला प्यायला वेळच द्यायची नाही.

मला हे सगळं रिकामं वाटायचं. मी म्हणायचो, पाक कधी धरतो ते कळलं की जगातलं सगळं कळलं.

आणि ती मशेरी लावायची. दिवसातनं चारदा. तंबाखू बाजारातनं मी आणायचो. तव्यावर भाजूनही कधी कधी मीच द्यायचो, तिचे हात पिठात असले की. हे मला डॉक्टरनं विचारलं नाही. सांगून टाकतो.

मिरजेचा दिवस

गावच्या डॉक्टरनं मलम दिलं, मग कराडच्यानं तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट हातात आल्यावर मिरजेला जा म्हणाला. मिरजेच्या मोठ्या डॉक्टरनं इंदूला वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला नि सुभाषला सांगितलं. जिभेचा कॅन्सर. अर्धी जीभ काढावी लागेल, मग मशीनच्या किरणांचा शेक द्यावा लागेल. तरीही सांगता येत नाही.

सुभाष लगेच म्हणाला, "आईला सांगायचं न्हाई, साहेब."

"त्यांनी मला आल्यापासून दोनदा विचारलंय."

"काहीतरी सांगा की. गाठ म्हणा."

डॉक्टर म्हणाला, "मी आपणहून सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

म्हणून आम्ही ठरवलं की तिला डॉक्टरजवळ एकटी सोडायची नाही. सात महिने नाही सोडली. नेहमी एक जण मधे. ती तोंड उघडायच्या आत आम्ही बोलायचो.

व्हरांड्यात सुभाषनं मला बाजूला घेतलं. स्नेहलचं तासगावकडं जमत आलं होतं. मुलगा बँकेत, घर मोठं. "कॅन्सर म्हणलं की माणसं मागच्या चार पिढ्या काढत्यात, आबा. म्हणतील रक्तात हाय. साखरपुडा होऊ द्या, मग बघू."

मी मान हलवली. स्नेहलचं खरंच होतं. पण माझं कारण निराळं होतं, ते मी सुभाषलाही सांगितलं नाही. इंदूला कळलं तर ती विचारणार. किती दिवस, दुखतं का, जीव नेमका कुठनं जातो, मेल्यावर तुमी एकटं काय करणार. आणि हे सगळं ती कोणाला विचारणार? एसटीत तो पोरगा होता. घरात मीच.

तेवढ्यात ती आली. "अठ्ठेचाळीस किलो," म्हणाली. "काय म्हणाला डॉक्टर?"

"दाढ घासून जखम झालीया. गाठ धरलीया. काढून टाकत्यात."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग सुभाषच्या. म्हणाली, "दाढ काढत्यात का गाठ?"

"दोन्ही," मी म्हणालो.

पाट्या

ऑपरेशन झालं. जिभेबरोबर बोलणंही गेलं. जे यायचं ते घोगरं, ओलं, कोणाला न कळणारं. तिनं खूण करून पाटी मागितली. मी शाळेच्या पोरांची पाटी-पेन्सिल आणून दिली. पहिलं वाक्य लिहिलं, 'बाजूच्या कॉटवरची कुठल्या गावची?'

मग शेकासाठी रोज जायचं. आम्ही धर्मशाळेत खोली घेतली होती. सकाळी सात वाजता नंबर लावायचा. थर्मासमध्ये पेज, एक टॉवेल, लाळ थुंकायला झाकणाचा डबा. ज्यांना जायचंय त्यांना सांगतो, टॉवेल मऊ आणि जुना घ्या, नवा घासतो. नाचणीची आंबील गाळून घ्या. पहिल्या पंधरवड्यात माणूस खातं, तेव्हाच काय ते खायला घाला, पुढं घोट जात नाही.

अडचण पाट्यांची होती. हॉस्पिटलात जिकडं तिकडं पाट्या, आणि ही वाचणारी. म्हणून मी पुढं चालायचो. कोपरा वळला की पाटीवर बोट फिरवल्यासारखे डोळे फिरवायचे, क-र-क, की लगेच मागं वळून तिचा हात धरायचा आणि दुसऱ्या बाजूनं न्यायचं. बसताना तिची पाठ भिंतीवरल्या बोर्डाकडं. एकदा तिनं मान वळवलीच. मी म्हणालो, "ती पाटी वरच्या मजल्याची हाय. रंगवायला खाली आणलीया."

एवढं खोटं मी बाजारातसुद्धा बोललो नव्हतो.

रांगेत सांगलीकडचे एक जैन शेतकरी असायचे. हळद करणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. घशाला पट्टी, आवाज फाटलेला, पण गडी आनंदी. एकदा आमच्या शेजारी बसले आणि इंदूला म्हणाले, "वहिनी, मी डॉक्टरला पहिल्याच दिवशी म्हणालो, शेत माझं हाय, तण कुठं उगवलंय ते मला दाखीव. फोटो दाखवला त्यानं. मी म्हणालो, आता बोल, किती राहिलं?"

इंदू पुढं सरकली. पाटी काढली. डोळे उघडे, एसटीत त्या पोरासमोर होते तसे. ती लिहायला लागली.

मी तिचा दंड धरून उठवलं. "नंबर आला," म्हणालो. नंबर आला नव्हता. आमच्या पुढं अकरा माणसं होती. मी तिला बाहेर नेलं आणि उन्हात इमारतीला चक्कर मारायला लावली. अंगात ताप होता तिच्या. पाटीवर 'तुमाला कसं' एवढंच लिहून राहिलेलं. अण्णांना मी परतल्यावर म्हणालो, "आमच्या माणसाशी बोलू नका."  दुसऱ्या दिवसापासून ते लांब बसायला लागले आणि इंदूला लांबनं हात जोडायचे.

एका माणसाचं चांगलं सांगतो. शेक देणारा जो होता, तो तिच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवायचा. तिनं पाटीवर विचारलं, 'हा कशाचा?' त्यानं हातातलं काम ठेवलं. सांगितलं की सपाट जाळी असते, गरम पाण्यात मऊ करायची, माणसाच्या तोंडावर दाबायची, गार झाली की त्याच माणसाची होते. दुसऱ्याला बसत नाही. तिनं जाळीवर स्वतःचं नाक चाचपून बघितलं. खोलीवर येईपर्यंत ती खुशीत होती. सात महिन्यांत तिच्या एका प्रश्नाला एका माणसानं पुरतं उत्तर दिलं, ते हे.

दारं लावली

घरी आलो. दीड महिन्यात मानेत गाठ आली. डॉक्टर म्हणाला, आता काही करण्यासारखं नाही, दुखणं कमी ठेवू.

मग आम्ही घराची दारं लावली. मोबाईल 'बिघडला' म्हणून सुभाषनं काढून नेला, कारण त्यावर ती शोधू शकत होती. टीव्हीचं रिचार्ज संपलं, भरलं नाही. सूनबाईनं शेजारणींना सांगितलं की इन्फेक्शन होतं, येऊ नका. गावाला दाढेचं ऑपरेशन सांगितलं होतं. गावाला कळत नव्हतं असं नाही. पण जे सगळ्यांना कळतं ते कोणी बोलत नाही, अशी आमच्याकडं रीत. तिचं ताट-वाटी वेगळी झाली. स्नेहलला आजीच्या खोलीत जाऊ देत नव्हते.

म्हणजे ज्या बाईला सगळ्या जगाचं काहीतरी कळायला पायजे असायचं, तिला दहा बाय बाराची खोली, एक खिडकी आणि मी.

तिनं लिहिलं, 'पेपर तरी येऊ द्या.'

सुभाष नाही म्हणाला. पेपरात रोज काहीतरी येतं. मी म्हणालो, मी बघतो.

आणि मी जे केलं ते असं. रोज सकाळी साडेसहाला मी पारावरच्या बाळूच्या दुकानात जायचो. तिथं बाकावर बसून सगळा पेपर वाचायचो, बोट ठेवून, ओठ हलवत. जिथं तो आजार दिसेल तिथं दाढीच्या ब्लेडनं चौकोन कापून काढायचा. मग पेपर घरी.

पहिल्या दिवशी दोन तास लागले. बाळू म्हणाला, "आबा, पोलीस भरतीला बसताय व्हय?"

"तुझं दुकान बघ."

"न्हाई, पास झाला तर पेढं ठेवतो म्हणलं."

पहिल्यांदा कॅन्सर कापला. मग तंबाखू. मग गाठ. राशिभविष्यातली कर्क रास दिसली, तीही कापली. मग मरणाच्या जाहिराती. मग पूर, अपघात, म्हटलं आजारी माणसाला कशाला. कधी कधी पेपर हातात धरला की पलीकडची भिंत दिसायची.

तिनं भोकावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं.

"उंदरानं खाल्लं," मी म्हणालो. "बाळूच्या दुकानात लय उंदीर झाल्यात."

तिनं लिहिलं, 'उंदीर चौकोनी खातो काय?'

मला हसू फुटलं. तीही हसली, लाळ गळली, मी टॉवेलानं पुसली. आणि दुसऱ्या दिवशी परत कापला.

वाघ

त्या दिवसांत पेपरात एका वाघाचं यायचं. लांबच्या जंगलातनं निघालेला, एकटाच चालत आमच्या डोंगरांकडं आलेला. कधी इथं पायाचा ठसा, कधी तिथं मारलेलं रेडकू. इंदूला त्याचं वेड लागलं. पाटीवर रोज, 'आज कुठवर?'

एका दिवशी मी कोणत्याशा तपासणी शिबिराची बातमी कापली आणि त्याच कागदाच्या मागल्या बाजूला वाघ होता. तिनं सगळा पेपर दोनदा उलटापालटा केला. 'वाघाचं काय झालं?'

मी तेव्हा तिच्या मानेची पट्टी बदलत होतो. जखम फुटली होती. त्या वासानं माझं डोकं फिरलेलं. मी म्हणालो, "वाघाचं काय करायचंय तुला? स्वतःचं बघ जरा."

तिनं लिहिलं, 'स्वतःचं तुमी बघू देत न्हाई.'

मी ते नीट वाचलं. तोपर्यंत मला सरसर वाचता यायला लागलं होतं. आणि मी म्हणालो, "अक्षर लागत न्हाई तुझं."  मग तिनं तळहातानं पाटी पुसली.

हा माझा सगळ्यात वाईट दिवस. मारलं असतं तर बरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कापायच्या आधी पाठीमागचं वाचून ठेवायला लागलो. जे तिच्या हाती येणार नाही ते तोंडी सांगायचं म्हणून. दुपारी पेजेचा एक एक चमचा घालत सांगायचो. वाघ घाट उतरला. अमक्या देशात दुष्काळ पडला. ती लगेच पाटीवर, 'तिथं काय पिकतं?' मला काय माहीत? मी शाळेतल्या मास्तरांना जाऊन विचारायचो. मास्तर म्हणाले, "आबा, या वयात भूगोल?" मी म्हणालो, "घरी परीक्षा असती रोज." मास्तरांनी जुना नकाशा दिला. तो मी खिडकीशेजारी लावला. गुऱ्हाळ सोडून मला कशात गोडी नव्हती, आणि आता सकाळी डोळा उघडला की वाटायचं, वाघ कुठं असंल? बाळूच्या दुकानात पेपर यायच्या आधी मी हजर असायचो. बाळू म्हणायचा, गठ्ठा तरी सोडू द्या.

एका सकाळी मी वाघात एवढा गुंतलो की चौथ्या पानावरची बातमी कापायची राहिली. घरी आल्यावर दुपारी ध्यानात आलं. मोठ्ठा मथळा, जिभेचं चित्र. मी पळत खोलीत गेलो. पेपर घडी घालून उशाशी होता. ती शांत पडली होती. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलो.

पाटी

शेवटच्या आठवड्यात तिला पाणीसुद्धा नळीनं. हात काटक्यांसारखे. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच होतो. तिनं मला खूण केली, गादीखाली बघा.

गादीखाली सगळे पेपर होते. भोकं पाडलेले. तारखांप्रमाणं लावून ठेवलेले.

तिनं पाटी घेतली. एका वेळी चार-पाच शब्द लिहायची, दम घ्यायची, मी वाचलं की पुसायची.

'पहिल्या आठवड्यात कळलं.'

मी म्हणालो, "काय कळलं?"

'जिथं भोक तिथं माझा आजार.'

 मी विचारलं, "मग बोलली का न्हाईस?"

ती बराच वेळ लिहीत होती. 'तुमी वाचायला लागला हुता. ते मोडलं असतं.'

पुसलं. परत लिहिलं. 'पन्नास वर्सं सांगत हुते वाचा वाचा.'

माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. तिनं पाटीच्या कोपऱ्यानं माझ्या गुडघ्यावर ठोकलं, लक्ष द्या म्हणून. आणि लिहिलं, 'आता एकदा तुमच्या तोंडानं सांगा. काय झालंय. किती दिस हायत.'

पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला ठाऊक नव्हतं असं काहीच मला सांगायचं नव्हतं. तिला फक्त कोणीतरी आपल्याशी खरं बोलायला पायजे होतं. सात महिन्यांत एकदा. एक शब्द. घरात कोणी नाही, सुभाष नाही, डॉक्टर नाही. मी तो शब्द शंभरदा वाचला होता, ब्लेडनं शंभरदा कापला होता. जिभेवर होता. माझी जीभ तर धड होती.

मी म्हणालो, "काय न्हाई झालं तुला. बरी हुशील तू."

इंदूनं डोळे मिटले. मग पाटी उचलली, पुसायला काही नव्हतं तरी पुसली, आणि माझ्या हातात दिली. तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतर दोन दिवस ती होती. मी पाटी पुढं करायचो, ती घ्यायची नाही. मी वाघाचं सांगितलं. ती ऐकत होती का, ते मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी पट्टी बदलत असताना, गेली. सांज व्हायच्या आत नदीकाठी सगळं उरकलं.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना मी दुसरं काही सांगत नाही. तुमचं माणूस विचारत असेल, तर त्याला सांगा. न विचारणारं माणूस असतं, त्याचं मला ठाऊक नाही. पण जे विचारतं त्याला सांगा. रडाल, घाबराल, तुमची सोयरीक मोडेल, मोडू दे. माझ्यासारखं तिच्या भल्याचं म्हणून तिला खोलीत कोंडू नका. आजारानं तिची जीभ नेली. बाकीचं सगळं आम्ही नेलं.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं भेटायला यायला लागली. सोप्यात सतरंजी घातली होती. मी भिंतीला टेकून, सुभाष दाराशी. नऊच्या सुमाराला तासगावकडची गाडी आली. स्नेहलच्या सोयरिकीतल्या मुलाचा चुलता, मुलाचे वडील, आणखी दोघं. पांढऱ्या टोप्या. बसले. 

मग चुलता म्हणाला, "एकाएकीच झालं म्हणायचं. दाढेचं काय ते ऑपरेशन झालं हुतं न्हवं?"

"ते बरं झालं हुतं," सुभाष म्हणाला. "अटॅक आला. झोपेतच गेली. काय तरास न्हाई."

"पुण्यवान बाई," मुलाचे वडील म्हणाले.

मी म्हणालो, "अटॅक न्हवं."

सगळे माझ्याकडं वळले.

"कॅन्सर झाला हुता तिला. जिभंचा."

"आबा," सुभाष म्हणाला, "तुमी आत जाऊन पडा. डोस्कं ठिकाणावर न्हाई त्यांचं, काल रातभर झोप न्हाई."

"अर्धी जीभ काढली मिरजेला. मग मानंत आला. मान फुटली."

"आबा, गप बसा!"

स्नेहल आतल्या चौकटीत उभी होती. तिला आधी विचारायला पायजे होतं. तिच्या लग्नाचं होतं, माझ्या नाही. मी तिलाही विचारलं नाही. 

चुलत्यानं टोपी सारखी केली. "म्हंजे आमाला जे सांगितलं..."

"तुमाला खोटं सांगितलं. तिलापण खोटंच सांगितलं," मी म्हणालो. "तिनं मला तोंडावर इचारलं, काय झालंय, किती दिस हायत. मी म्हणालो, काय न्हाई झालं. तशीच गेली. मशेरी लावायची ती, तंबाखू मी आणून द्यायचो. सात महिनं झालं. तरास न्हाई म्हणतोय ह्यो, लय तरास झाला. पाण्याचा घोट जात न्हवता."

ते उठले. सुभाष त्यांच्या मागं हात जोडत अंगणात गेला. मीही उठलो आणि त्याच्या मागनं गेलो, आणि ते चपला घालून, गाडीत बसून, काचा वर करेपर्यंत एकेक गोष्ट सांगत राहिलो.